बॉनेटखालच्या दहा इस्त्र्या

लोहाराच्या भट्टीजवळ तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर लोखंडाचा रंग आणि त्याचे तपमान यांचे नाते तुमच्या ध्यानात आले असेल. लोखंड तापत गेले की ५०० ते ५५० अंश सेल्सिअसच्या सुमारास ते अंधारात मंद लालसर दिसू लागते. ७५० ते ८०० अंशांपर्यंत ते लालबुंद होते. आता मोटारगाडीचे एंजिन जेथे तपासतात अशा एखाद्या चाचणी-कक्षाची कल्पना करा. दिवे मालवलेले आहेत. एंजिन पूर्ण भाराने चालू आहे आणि त्याच्या एका कडेला बसवलेल्या नळ्या लोहाराच्या पट्टीसारख्या लाल दिसत आहेत. येथे ना भाता, ना कोळसा. ही उष्णता सिलिंडरात जळालेल्या पेट्रोलची आहे, आणि तिच्याकडून काम करून घेण्याआधीच ती खोलीभर विखरून जात आहे.

आपल्याकडे गाडीच्या धुराच्या सगळ्याच नळ्यांना सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतात. खरा सायलेन्सर म्हणजे मागच्या बाजूचा, आवाज कमी करणारा डबा. एंजिनला अगदी चिकटून असतो तो निष्कास-मॅनिफोल्ड. तो बहुधा बिडाचा, एकसंध ओतलेला असतो. शर्यतीच्या किंवा हौसेने सुधारलेल्या गाड्यांत त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरची वेगळी पोलादी नळी काढून त्या सर्व पुढे एकत्र जोडतात. या नळ्यांच्या जुडग्याला ‘हेडर’ म्हणतात. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत हेडरमधून निघालेले वायू प्रथम टर्बाइनच्या चाकावर आदळतात. ते चाक फिरते. त्याच्याच आसावर पलीकडे दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा अधिक भरली की पेट्रोलही अधिक जाळता येते आणि लहानसे एंजिन मोठ्या एंजिनाचे काम करू लागते. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या, एक लिटरच्या तीन सिलिंडरांवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांचे रहस्य हेच आहे.

या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले. तिचा एक गाजलेला प्रयोग १९१८ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या डोंगरावर झाला. सॅनफर्ड मॉस यांनी ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे एंजिन ट्रकवर चढवून सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन माथ्यावरच्या विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बो जोडल्यावर ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. वाया जाणाऱ्या धुराने डोंगराची उंची भरून काढली!

आता टर्बाइनला मिळणारे काम कशावर ठरते? वायू किती आला, त्याचा दाब किती घटला आणि येताना तो किती तप्त होता, या तीन गोष्टींवर. पहिल्या दोन तशाच ठेवल्या तर हे काम वायूच्या निरपेक्ष तपमानाच्या, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात असते. ८५० अंश सेल्सिअस म्हणजे ११२३ केल्व्हिन. वाटेत वायू ११ अंशांनी निवला, की टर्बाइनच्या मजुरीतून सुमारे एक टक्का कापला गेला. म्हणूनच हेडर तापून लाल झालेला पाहून अभियंत्याला हळहळ वाटते.

ही कपात थांबवण्यासाठी हेडरवर सिरॅमिकचा, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा, लेप देतात. असल्या लेपांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते. लेप उष्णता आत अडवतो आणि त्यामुळे गाडीची शक्ती वाढते, असे ते वाक्य. पटण्याजोगे वाटते खरे. चहाचा कप हाताला तेवढा भाजत नाही, पण स्टीलचा पेला भाजतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. तरीही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहू.

समजा, चार नळ्या आहेत. प्रत्येक ५० सें.मी. लांब आणि ४ सें.मी. व्यासाची. चारींचा मिळून बाहेरचा पृष्ठभाग पाव चौरस मीटर भरतो. आतला वायू ८५० अंशांवर आहे, बॉनेटखालची हवा ५७ अंशांवर. नळीला आतून जितकी उष्णता मिळते तितकीच ती बाहेर टाकते, तेव्हा तिचे तपमान स्थिर होते. गंजून काळपट पडलेल्या पोलादासाठी हा ताळा मांडला, तर नळी सुमारे ६४० अंशांवर स्थिरावते आणि चारही नळ्या मिळून दर सेकंदाला साडेदहा हजार ज्यूल उष्णता बाहेर टाकतात. साडेदहा हजार वॅट! हजार वॅटच्या दहा इस्त्र्या एकाच वेळी बॉनेटखाली चालू ठेवाव्यात, तसा हा प्रकार. पुन्हा त्याच बॉनेटखाली रबरी नळ्या आहेत, विजेच्या तारा आहेत, ब्रेकच्या तेलाची टाकी आहे.

आता या नळीवर ०.३ मि.मी. जाडीचा झिर्कोनियाचा थर चढवू. झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. उष्णता वाहून नेण्यात हा पदार्थ इतका आळशी, की फवारलेल्या थराची उष्णतावाहकता पोलादाच्या विसाव्या हिश्शाएवढीच असते. तरीसुद्धा हिशेब असे सांगतो, की या थराच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांत फरक पडेल तो जेमतेम १२ अंशांचा. रंगासारखा मारलेला ०.०३ मि.मी.चा पातळ लेप असेल तर एका अंशाचा. सातशे-आठशे अंशांच्या आगीपुढे एक अंश!

असे का व्हावे? शाळा सुटल्यावरची गर्दी आठवा. वर्गाचे दार, जिन्याखालचे दार आणि रस्त्याकडचे फाटक अशा तीन जागांतून मुले बाहेर पडतात. फाटक अरुंद असेल तर सगळा खोळंबा तेथेच होतो. मग जिन्याखालचे दार चार बोटे अरुंद केले काय किंवा रुंद केले काय, शाळा रिकामी व्हायला तेवढाच वेळ लागणार. आपल्या नळीतही उष्णतेला तीन दारे आहेत. वायूपासून धातूत शिरणे, धातूतून पलीकडे जाणे, आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून निसटणे. सगळा अडथळा १०० मानला, तर त्यातला ७४ भाग बाहेरच्या पृष्ठभागापाशी आहे, २६ भाग आतल्या बाजूला, आणि पोलादाच्या भिंतीचा अर्धा भागसुद्धा नाही. त्यात लेपाची भर पडते दीड भागाची. लेप नळीच्या आतून दिला तरी हा हिशेब बदलत नाही.

मग हाच झिर्कोनिया जेट विमानांत एवढा नावाजलेला कसा? १९६० च्या दशकात एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या एंजिनात तो वापरला गेला. १९७६ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या ल्यूइस संशोधन केंद्रात यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा लेप दिलेली टर्बाइनची पाती जे-७५ या एंजिनात बसवून चालवण्यात आली. आज जेट एंजिनांच्या अतितप्त भागांत हा लेप सर्रास दिसतो. तेथे तो यशस्वी होतो, कारण ती पाती आतून हवा खेळवून मुद्दाम थंड राखतात. बाहेरून प्रचंड वेगाचा तप्त झोत, आतून गार हवा. त्यामुळे पात्याच्या भिंतीतून चौरस मीटरला पाच लाख वॅट वा त्याहूनही अधिक उष्णता धावते. आपल्या हेडरमध्ये ती चाळीस हजारच होती. लेप तोच, जाडी तीच, पण बारा पटींहून अधिक उष्णता ओढून काढली जात असल्यामुळे तेथे तो दीडशे अंशांचा फरक पाडतो. शाळेच्या भाषेत, तेथे फाटक सताड उघडे आहे, म्हणून मधल्या दाराला किंमत आली.

म्हणजे हेडरवरचा लेप निरुपयोगी समजायचा का? नाही. फक्त त्याचा उपयोग जाहिरात सांगते त्या दाराशी नसून फाटकाशी आहे. हे समजण्यासाठी एक प्रयोग करा.

दुधाच्या भुकटीचे सारख्या आकाराचे तीन रिकामे, चकचकीत डबे घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला बाहेरून मेणबत्तीची काजळी धरा. तिसऱ्याभोवती साध्या पांढऱ्या कागदाचा एकच पदर घट्ट गुंडाळून चिकटवा. तिन्हींत सारखे गरम पाणी भरा, पुठ्ठ्याचे झाकण ठेवून त्यातून तपमापक सोडा आणि दर पाच मिनिटांनी नोंद करा. गरम पाणी ओतताना मोठे माणूस जवळ असू द्या. काळा डबा चकचकीत डब्याच्या आधी निवेल, हे तुम्ही ओळखलेच असेल. गंमत कागदाच्या डब्याची आहे. पांघरूण घातलेला हा डबाही उघड्या चकचकीत डब्यापेक्षा लवकर निवतो!

कागदाचा पदर उष्णता अडवतो, पण अगदी थोडी. उलट, चकचकीत धातूच्या जागी त्याने असा पृष्ठभाग आणून ठेवला, की जो प्रारण मुक्तहस्ताने बाहेर टाकतो. डोळ्याला पांढरा दिसणारा कागद अवरक्त किरणांच्या बाबतीत जवळजवळ काजळीसारखाच वागतो. पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची उत्सर्जकता १. काजळी, कागद, तैलरंग, गंजलेले लोखंड यांची ०.८ ते ०.९५. घासूनपुसून लखलखीत केलेल्या धातूची ०.१ किंवा त्याहूनही कमी. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने गरम पाण्याच्या चौकोनी डब्याच्या बाजू वेगवेगळ्या तऱ्हेने रंगवून हे १८०४ मध्येच दाखवून दिले होते.

गरम पाण्याच्या डब्यापेक्षा लाल तापलेल्या नळीत प्रारणाचे महत्त्व फारच वाढते. प्रारण निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा स्टीफन आणि बोल्ट्झमन यांचा नियम तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. निरपेक्ष तपमान दुप्पट झाले की प्रारण सोळापट होते. आपल्या दहा इस्त्र्यांपैकी जवळजवळ आठ इस्त्र्या प्रारणाच्या आहेत, उरलेल्या दोन अभिसरणाच्या. तेव्हा फाटक अरुंद करायचे असेल तर उत्सर्जकता कमी करायला हवी. हे काम लेपातले सिरॅमिक एकटे करत नाही. चंदेरी लेपात सिरॅमिकच्या भुकटीबरोबर ॲल्युमिनियमचे बारीक कण मिसळलेले असतात, आणि खरी करामत पुष्कळशी त्यांची असते.

समजा, उत्सर्जकता ०.८५ वरून ०.४ वर आली. तोच ताळा पुन्हा मांडू. बाहेर जाणारी उष्णता साडेदहा हजार वॅटवरून सुमारे साडेसात हजारांवर येते. तीन इस्त्र्या बंद झाल्या. ही उष्णता गेली कोठे? ती वायूतच राहिली. एंजिनमधून दर सेकंदाला १०० ग्रॅम वायू बाहेर पडत असेल, तर तो टर्बाइनपाशी पूर्वीपेक्षा सुमारे २५ अंश अधिक तप्त पोचेल. टर्बाइनचे काम अडीच टक्क्यांनी वाढेल. अशा एंजिनच्या टर्बाइनची शक्ती आठ-एक हजार वॅट धरली, तर ही वाढ झाली २०० वॅटची. शंभर वॅटचे दोन दिवे! जाहिरातीतली शक्ती ती हीच. टर्बो थोडा लवकर वेग घेईल, एवढे श्रेय मात्र तिला द्यायला हवे.

माझ्या मते खरा लाभ त्या बंद झालेल्या तीन इस्त्र्यांचा आहे. बॉनेटखालची हवा त्या मानाने थंड राहते. रबर आणि तारा अधिक टिकतात. एंजिनात शिरणारी हवाही कमी तापते, आणि हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने घटते हे लक्षात घेतले, तर हा फायदा क्षुल्लक नाही. पोलादाचे रक्षण होते ते निराळेच. साधे पोलाद ५५० अंशांपलीकडे हवेत तापत राहिले की पोपडे धरून झिजू लागते. सिरॅमिकचा लेप ऑक्सिजनला त्याच्यापर्यंत सहजी पोचू देत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने विमानांच्या निष्कास-नळ्यांसाठी काचेच्या जातीचे लेप तयार केले, ते मुख्यतः याचसाठी. घरातला इनॅमलचा मग त्यांचा दूरचा भाऊ समजा.

पण टर्बोच्या गाडीत एक अडचण आहे, आणि ती ॲल्युमिनियमचीच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. लेप दिल्यावर नळीने उष्णता कमी टाकली म्हणून नळी स्वतः अधिक तापते. आपल्या उदाहरणात ती ६४० वरून ७०० अंशांवर जाते. म्हणजे चंदेरी लेप आपल्या गुणानेच स्वतःला संकटात टाकतो! झळाळी उतरते, लेप राखाडी होतो आणि उत्सर्जकता पुन्हा वाढू लागते. म्हणून टर्बोच्या हेडरसाठी अधिक ताप सोसणारे, पण मंद रंगाचे लेप वापरतात. त्यांचा लाभ वरच्या हिशेबापेक्षा कमीच असणार. हल्ली काळे सिरॅमिक लेपही हौसेने दिले जातात. दिसायला ते रुबाबदार असतात आणि गंज रोखतात, पण काजळी धरलेल्या डब्याचा धडा त्यांनाही लागू आहे.

लेप चिकटून राहणे हा आणखी एक पेच. अर्धा मीटर लांबीची स्टेनलेस पोलादाची नळी ६५० अंशांनी तापली की सुमारे साडेपाच मि.मी. वाढते. झिर्कोनिया तेवढ्याच तापाने सव्वातीन मि.मी. वाढतो, आणि बहुतेक इतर सिरॅमिक पदार्थ त्याहूनही कमी. अंग फुगले आणि अंगरखा तेवढाच राहिला, तर शिवण उसवणारच. त्यावर दोन उपाय आहेत. जाड लेप देताना आधी निकेल, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा अस्तरासारखा थर देतात. मग दहा हजार अंशांहून तप्त असलेल्या प्लाझ्माच्या झोतातून झिर्कोनियाची भुकटी सोडतात. तिचे वितळलेले थेंब नळीवर आपटून चपटे होतात आणि एकावर एक पापुद्रे साचतात. या पापुद्र्यांतल्या बारीक भेगाच लेपाला थोडे ताणू देतात. पातळ लेप मात्र रंगासारखा फवारून भट्टीत भाजतात. तो पातळ आहे म्हणूनच सहज तुटत नाही. दोन्ही प्रकारांत आधी वाळूच्या झोताने नळी खरवडून स्वच्छ करावी लागते. त्यात हयगय झाली की लेप सुटतो. बाहेरचा सुटला तर फार बिघडत नाही. आतला सुटला तर त्याची कपची थेट टर्बाइनच्या चाकावर जाते, आणि ते चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते.

लेपाऐवजी काचतंतूंची पट्टी नळीभोवती गुंडाळण्याचीही पद्धत आहे. ती लेपापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता अडवते. पण मग नळीचे तपमान वायूच्या तपमानाजवळ जाते आणि तिचे सांधे तडकू लागतात. पावसाळ्यात पट्टी ओल धरते आणि तिच्याआड नळी गुपचूप गंजत राहते.

कारखान्यातले अभियंते यापेक्षा वेगळी वाट धरतात. थर्मासच्या बाटलीप्रमाणे ते नळीला दोन भिंती देतात. आतली पातळ पोलादाची, बाहेरची आधाराची, मध्ये हवेची फट. आतली भिंत पातळ असल्याने चटकन तापते, आणि त्यामुळे पुढचा धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक-डबाही लवकर कामाला लागतो. त्याला २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करता येत नाही, म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यानंतरची पहिली मिनिटेच सर्वांत जास्त प्रदूषणाची असतात. आणखी सोपा उपाय म्हणजे मॅनिफोल्डसमोर, मध्ये थोडी जागा ठेवून, उभा केलेला पत्रा. नळीवरून येणारे प्रारण तो परत फेकतो आणि स्वतः फारसा तापत नाही. त्याच्यासाठी ना प्लाझ्मा लागतो, ना भट्टी.

याच्या अगदी उलट करणारेही आहेत. अलीकडच्या कित्येक लहान टर्बो एंजिनांत मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. तो सिलिंडरच्या डोक्यातच ओतलेला असतो आणि त्याच्याभोवती पाणी खेळवलेले असते. म्हणजे येथे धुराची उष्णता मुद्दाम काढून घेतात! पूर्ण भाराला पेट्रोल एंजिनाचा धूर ९५० अंशांच्या पुढे जाऊ पाहतो आणि तो टर्बाइनच्या धातूला झेपत नाही. शिवाय ते पाणी थंडीत एंजिन लवकर गरम करते. टर्बाइनला थोडी मजुरी कमी मिळाली तरी चालेल, पण मजूर जगला पाहिजे, असा हा व्यवहार आहे.

घरच्या किंवा ओळखीच्या गाडीचे बॉनेट उघडण्याची संधी मिळाली, तर एंजिन पूर्ण थंड असताना तो पत्रा शोधून काढा. बहुधा तो सुरकुत्या किंवा खळगे पाडलेला, चंदेरी असतो. त्याच्या आड मॅनिफोल्ड दिसतो का, की मॅनिफोल्ड मुळी नाहीच, हे पाहा. आणि डब्यांचा प्रयोग केलात तर चौथा एक डबा वाढवा. चकचकीत डब्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी सैलसर गुंडाळा, मध्ये बोटभर हवा राहील अशी. चारही डब्यांच्या नोंदी एकाच आलेखावर काढा.